कंपनी नफ्यात आहे, मग कर्ज का थकलं? वीज कंपन्यांच्या 'यंदा फेडायच्या' कर्जाची गोष्ट

एखाद्या पवनऊर्जा किंवा सौरऊर्जा कंपनीबद्दल बातमी येते: 'कंपनीवर हजारो कोटींचं कर्ज'. आकडा मोठा असतो, म्हणून आपण दचकतो. पण कंपनी अडचणीत आहे की नाही, हे त्या आकड्यावरून सहसा कळत नाही. ते कळतं ताळेबंदातल्या दुसऱ्याच, बऱ्याचदा दुर्लक्षित राहणाऱ्या एका ओळीवरून. इंग्रजी अहवालात तिला 'करंट मॅच्युरिटीज ऑफ लाँग टर्म डेट' म्हणतात. सोप्या मराठीत सांगायचं तर, दीर्घ मुदतीच्या कर्जापैकी येत्या १२ महिन्यांत फेडायचा भाग.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन एनर्जी या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना या एका ओळीचा अर्थ एकदा नव्हे, दोनदा समजला. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. ती गोष्ट पुढे येईलच. आधी ही ओळ नेमकी काय सांगते ते पाहू.

ही रक्कम येते कुठून?

समजा, तुम्ही २० वर्षांसाठी ३० लाखांचं गृहकर्ज घेतलंय. कोणी विचारलं, 'तुमच्यावर कर्ज किती?' तर उत्तर ३० लाख. पण घर चालवताना तुमच्या डोक्यात असतो तो हप्ता. या वर्षी बँकेत किती भरायचे आणि तेवढे पैसे हातात येणार आहेत का, एवढाच प्रश्न.

कंपनीचंही तसंच. ३१ मार्चला वर्षाचे हिशेब बंद होतात. त्या दिवशी कंपनीच्या सगळ्या कर्जाचे दोन भाग केले जातात. पुढच्या १२ महिन्यांनंतर फेडायचं ते 'दीर्घ मुदतीचं' आणि १२ महिन्यांच्या आत फेडायचं ते 'चालू देणं'. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं कर्ज असलं, तरी त्याचा जो हप्ता यंदा आहे तो चालू देण्यातच दिसतो. भारतात कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये ताळेबंदाचा जो नमुना दिलाय, त्यात ही रक्कम आता 'अल्पकालीन कर्जां'च्या खाली वेगळी दाखवावी लागते.

म्हणजे ही ओळ वाढली याचा अर्थ कंपनीनं नवं कर्ज काढलं असा नाही. जुन्या कर्जाची तारीख जवळ आली, एवढाच त्याचा अर्थ.

वीज कंपन्यांवर एवढं कर्ज असतंच का?

कारण या धंद्यात पैसा सगळा आधी घालावा लागतो. पवनचक्की किंवा सौर पॅनल एकदा उभं राहिलं की त्याला कोळसा लागत नाही, डिझेल लागत नाही. पण ते उभं करायला जमीन, यंत्रं, वाहिन्या, उपकेंद्र असा सगळा खर्च पहिल्या दीड-दोन वर्षांतच होतो. आणि वीज विकून ते पैसे परत येतात पुढच्या २५ वर्षांत. वीज खरेदीचे करारही साधारण तेवढ्याच मुदतीचे असतात.

त्यामुळे प्रकल्पाचा बराचसा खर्च कर्जातून भागवणं इथे नेहमीचं आहे. ती काही उधळपट्टी नव्हे. प्रश्न कर्ज किती यापेक्षा ते कोणत्या प्रकारचं आहे, याचा जास्त असतो.

पहिला प्रकार हप्त्याहप्त्यानं फिटणारा. बँका आणि आरईसी, इरेडा यांसारख्या सरकारी वित्तसंस्था प्रकल्पांना १५ ते २० वर्षांसाठी असं कर्ज देतात. दर तिमाहीला थोडं मुद्दल, थोडं व्याज. गृहकर्जासारखंच.

दुसरा प्रकार रोख्यांचा. यात बहुतेक वेळा पाच, सात किंवा दहा वर्षं फक्त व्याज द्यायचं आणि शेवटच्या दिवशी संपूर्ण मुद्दल एकरकमी परत करायचं. सहा वर्षं ताळेबंद शांत दिसतो. सातव्या वर्षी ती अख्खी रक्कम एकदम 'चालू देण्यां'मध्ये उडी मारून येते.

उदाहरणानं पाहू

एक काल्पनिक पवनऊर्जा कंपनी घेऊ. वर्षाची वीजविक्री ३०० कोटी. देखभाल, पगार वगैरे खर्च जाता हातात राहतात २५२ कोटी. बँकेत शिल्लक ६० कोटी. एकूण कर्ज १,००० कोटी, त्यावर वर्षाचं व्याज ९० कोटी. आणि यंदा फेडायचं मुद्दल १२० कोटी.

यंदा एकूण द्यायचे: ९० अधिक १२०, म्हणजे २१० कोटी. येणार २५२ कोटी. २५२ भागिले २१० केलं की १.२ येतात. बँकवाले याला कर्जफेड क्षमतेचं गुणोत्तर किंवा 'डीएससीआर' म्हणतात. आकडा १ च्या वर असेल तर येणाऱ्या पैशांतून हप्ता भागतो. १ च्या खाली गेला तर शिल्लक मोडावी लागते किंवा दुसरीकडून पैसे आणावे लागतात.

आता फक्त एक गोष्ट बदलू. वीज विकत घेणाऱ्या वितरण कंपनीनं तीन महिन्यांची बिलं थकवली. म्हणजे ७५ कोटी अडकले. २५२ ऐवजी हातात आले १७७ कोटी. गुणोत्तर ०.८४. ३३ कोटी कमी पडले, ते शिल्लक ६० कोटींतून भरले. या वर्षी निभावलं. पुढच्या वर्षीही बिलं अशीच थकली, तर शिल्लक फक्त २७ कोटी आहे.

आता दुसरा बदल. बिलं वेळेवर येतात, कर्जही तेवढंच, १,००० कोटी. पण त्यातले ५०० कोटी एकरकमी रोख्याचे आहेत आणि त्याची मुदत यंदा संपते. द्यायचे ५०० अधिक व्याजाचे ९०, म्हणजे ५९० कोटी. कंपनीकडे वर्षभरात येणारे २५२ आणि शिल्लक ६० मिळून ३१२ कोटी. २७८ कोटींची तूट. धंदा तोच, वारा तोच, कर्जही तेवढंच. फक्त तारखा वेगळ्या. ही कंपनी आता नव्या कर्जाशिवाय तरणार नाही.

नफा असूनही पैसे कमी कसे पडतात?

इथे अनेकांची गल्लत होते. नफा-तोटा पत्रकात कर्जाचं व्याज खर्च म्हणून दिसतं, पण मुद्दलाची परतफेड त्यात दिसतच नाही. शिवाय बिल पाठवलं की विक्री धरली जाते. पैसे खात्यात आले की नाही हे नफ्याला ठाऊक नसतं. त्यामुळे कागदावर नफा दाखवणारी कंपनीही हप्ता चुकवू शकते.

थकलेल्या बिलांचा प्रश्न आपल्याकडे किती मोठा होता, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं उशिरा भरलेल्या वीज बिलांवरील अधिभाराचे नवे नियम आणले, तेव्हा देशभरातल्या वितरण कंपन्यांकडे जुनी थकबाकी होती सुमारे १.३८ लाख कोटी रुपये. ती ४८ पर्यंत मासिक हप्त्यांत फेडण्याची सोय या नियमांनी करून दिली. वीज कंपन्यांना कर्ज देणाऱ्या बँकांच्या दृष्टीनं हा फार महत्त्वाचा बदल होता.

पवनऊर्जेत ऋतूचाही हिशेब असतो. आपल्याकडे वाऱ्याची बरीचशी वीज जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत तयार होते. त्यामुळे हप्ता फेब्रुवारीत आहे की ऑक्टोबरमध्ये, यानंही फरक पडतो.

सुझलॉनचं काय झालं?

सातारा जिल्ह्यातलं वनकुसवडे पठार किंवा धुळे जिल्ह्यातलं ब्राह्मणवेल इथे रांगेत उभ्या असलेल्या पवनचक्क्या अनेकांनी पाहिल्या असतील. त्या उभारण्यात सुझलॉनचा मोठा वाटा. तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ही कंपनी २००५ मध्ये शेअर बाजारात आली आणि काही वर्षांत जगातल्या मोठ्या पवनचक्की उत्पादकांमध्ये जाऊन बसली. २००७ मध्ये तिनं जर्मनीतल्या रीपॉवर कंपनीचा ताबा मिळवला.

त्याच वर्षी कंपनीनं परकीय चलनातले परिवर्तनीय रोखे विकले. हे रोखे म्हणजे डॉलरमधलं कर्ज, पण त्याला एक वळण असतं. मुदत संपेपर्यंत कंपनीच्या शेअरचा भाव ठरलेल्या किमतीच्या वर गेला, तर रोखेधारक पैशांऐवजी शेअर घेतो आणि कंपनीला काहीच फेडावं लागत नाही. भाव वर गेला नाही, तर मात्र सगळी रक्कम डॉलरमध्ये परत करावी लागते.

जानेवारी २००८ मध्ये सुझलॉनचा शेअर ४०० रुपयांच्या वर होता. हे कर्ज कधी रोख फेडावं लागेल, असं तेव्हा फारसं कोणाला वाटत नसावं. पण त्याच वर्षी जागतिक मंदी आली. परदेशातल्या मागण्या आटल्या. ऑक्टोबर २०१२ उजाडला तेव्हा शेअर २० रुपयांच्याही खाली होता. शेअर कोण घेणार? सगळ्यांना डॉलरच हवे होते.

त्यात रुपयाही घसरला होता. २००७ च्या उत्तरार्धात डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबर २०१२ मध्ये ५३ च्या. म्हणजे १० कोटी डॉलरच्या देण्यासाठी आधी ४०० कोटी रुपये लागले असते, तिथे आता ५३० कोटी. कर्ज एका पैशानं वाढलं नव्हतं, तरी देणं वाढलं होतं.

२०१२ मध्ये कंपनीच्या रोख्यांच्या दोन तारखा होत्या. पहिली जूनमध्ये, सुमारे ३६ कोटी डॉलरची. रोखेधारकांकडून ४५ दिवसांची सवलत मागून कंपनीनं ती जुलैअखेर कशीबशी पार केली. दुसरी ११ ऑक्टोबरला, सुमारे २२ कोटी डॉलरची. या वेळी कंपनीनं चार महिने मागितले. रोखेधारकांनी नकार दिला. पैसे भरले गेले नाहीत. परिवर्तनीय रोख्यांच्या बाबतीत भारतीय कंपनीनं केलेली तोवरची ती सर्वांत मोठी थकबाकी ठरली.

एक देणं थकलं की बाकीचं कर्ज का हलतं?

कर्जाच्या करारांत बहुतेक वेळा एक अट असते: कंपनीनं इतर कोणाचंही देणं थकवलं, तर आमचंही कर्ज आम्ही लगेच मागू शकतो. म्हणजे २२ कोटी डॉलरचा एक हप्ता चुकला, तरी दहा वर्षांनी फेडायच्या कर्जावरही त्याची सावली पडते.

अशीच अट पतमानांकनाशीही जोडलेली असू शकते. अमेरिकेतली एन्रॉन कंपनी आपल्याला दाभोळच्या प्रकल्पामुळे चांगलीच माहीत आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये तिचं पतमानांकन उतरलं आणि करारातल्या अटीमुळे ६९ कोटी डॉलरचं एक देणं मुदतीच्या आधीच समोर येऊन उभं राहिलं. एन्रॉन बुडण्याचं मूळ कारण हिशेबातली लबाडी हे होतं. पण शेवटच्या आठवड्यांत श्वास कोंडला तो अशा अचानक 'आजच द्या' झालेल्या देण्यांनी. २ डिसेंबर २००१ ला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणूनच हिशेबाचे नियम सांगतात की, कर्जाची महत्त्वाची अट मोडली गेली आणि त्यामुळे सावकाराला पैसे लगेच मागण्याचा हक्क मिळाला, तर ते कर्ज 'दीर्घ मुदतीचं' म्हणून दाखवता येत नाही. भारतीय मानकात पूर्वी थोडी सवलत होती: हिशेबांना मंजुरी मिळण्याआधी सावकारानं 'आम्ही आत्ता मागणार नाही' असं मान्य केलं, तर ते दीर्घ मुदतीचंच राहत असे.

मुदत वाढवली, की प्रश्न सुटला?

सुझलॉनच्या बाबतीत पुढे जे झालं, त्यातून याचं उत्तर मिळतं. बँकांनी जानेवारी २०१३ मध्ये सुमारे ९,५०० कोटींच्या कर्जाची पुनर्रचना मान्य केली. दोन वर्षं मुद्दल फेडायचं नाही, नंतर हप्ते लांबवलेले, व्याजदर कमी. रोखेधारकांशीही तडजोड झाली आणि २०१४ मध्ये नवे रोखे आले, मुदत जुलै २०१९.

या पाच वर्षांत कंपनीनं पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला. २०१५ मध्ये जर्मनीतली कंपनी (तोवर तिचं नाव सेन्व्हियन झालं होतं) सुमारे १०० कोटी युरोला विकली. त्याच वर्षी दिलीप संघवी यांच्या गटानं सुझलॉनमध्ये १,८०० कोटी रुपये घातले. अनेक रोखेधारकांनी शेअरही घेतले. तरीही जुलै २०१९ आला, तेव्हा उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर कंपनीला फेडता आले नाहीत. तारीख पुढे गेली होती, पण ती येणारच होती.

२०२० मध्ये पुन्हा पुनर्रचना झाली. २०२२ मध्ये आरईसी आणि इरेडा यांनी नवं कर्ज देऊन जुन्या बँकांची देणी मार्गी लावली. ऑक्टोबर २०२२ मध्ये १,२०० कोटींचा हक्कभाग विक्रीचा प्रस्ताव उघडण्याच्या काही दिवस आधीच तुलसी तांती यांचं निधन झालं. तरीही विक्री पार पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थांना शेअर विकून आणखी २,००० कोटी उभे राहिले आणि अखेर कर्जाचा डोंगर उतरला.

कंपनी वाचली. पण किंमत कोणी मोजली? बँकांनी काही पैसे सोडले. आणि जुन्या भागधारकांनी मोजली, ती न दिसणारी. २००८ मध्ये कंपनीचे सुमारे १५० कोटी शेअर होते. कर्जाच्या बदल्यात शेअर देत देत आणि नवे विकत २०२३ अखेर ते १,३०० कोटींच्या वर गेले. म्हणजे ज्यानं २००८ मध्ये घेतलेले शेअर धरून ठेवले, त्याचा कंपनीतला वाटा नवव्या हिश्शाच्या आसपास आला. आता कंपनी पूर्वीइतकी मोठी झाली, तरी त्याचा भाव पूर्वीइतका होईलच असं नाही, ते यामुळे.

मोठी रक्कम देय असणं नेहमीच वाईट का?

नाही. अदानी ग्रीन एनर्जीचे ७५ कोटी डॉलरचे रोखे सप्टेंबर २०२४ मध्ये फेडायचे होते. कंपनीनं त्यासाठीची रक्कम काही महिने आधीच राखीव खात्यांत बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं आणि मुदतीला रोखे फेडले. रक्कम सुझलॉनच्या देण्याच्या तिपटीहून मोठी, पण गोंधळ झाला नाही. कारण तारीख येण्याआधी पैशांची सोय झाली होती.

त्यामुळे ही ओळ एकटी वाचू नये. तिच्या बाजूला 'पैसे कुठून येणार?' याचं उत्तर ठेवून वाचावी.

अहवालात काय पाहायचं?

तुमच्याकडे एखाद्या वीज कंपनीचे शेअर किंवा रोखे असतील, तिथे नोकरी असेल, किंवा तुमची जमीन तिच्या प्रकल्पाला भाड्यानं दिलेली असेल, तर वार्षिक अहवालातल्या या जागा उघडून पाहा. अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर मोफत असतो.

- चालू देण्यांमधली कर्जं: दीर्घ मुदतीच्या कर्जाचा यंदा फेडायचा भाग किती? मागच्या वर्षीपेक्षा एकदम वाढलाय का?
- रोख आणि बँक शिल्लक: पण सगळी शिल्लक वापरता येत नाही. काही रक्कम हमीसाठी अडकलेली असते. टिपेत ते लिहिलेलं असतं.
- येणी: वीज विकून न आलेले पैसे किती, आणि किती महिन्यांचे?
- रोकड तरलतेच्या जोखमीचा तक्ता: एका वर्षात, एक ते पाच वर्षांत आणि त्यानंतर किती फेडायचं, हे इथे एका नजरेत दिसतं. यंदाचा आकडा लहान आणि पुढच्या वर्षीचा प्रचंड असेल, तर ते आत्ताच कळतं.
- चलन: कर्ज डॉलरमध्ये आणि कमाई रुपयांत आहे का?
- लेखापरीक्षकाचा अहवाल: 'कंपनी पुढे चालू राहण्याबाबत अनिश्चितता' असा परिच्छेद असेल, तर तो वगळून पुढे जाऊ नका.

याशिवाय क्रिसिल, इक्रा यांसारख्या संस्था मानांकन देताना कारणंही लिहितात. ती त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात आणि येत्या वर्षाचे हप्ते कशातून भागतील, हे त्यात बऱ्याचदा स्पष्ट लिहिलेलं असतं. बँकेचं कर्ज ३० दिवसांहून जास्त थकलं, तर सूचीबद्ध कंपनीनं ते २४ तासांच्या आत शेअर बाजाराला कळवावं, असा सेबीचा नियम २०२० पासून लागू आहे. पण तोवर उशीर झालेला असतो. तारखा मात्र वर्षभर आधी अहवालात छापलेल्या असतात.

सुझलॉनच्या रोख्यांची मुदतही कोणापासून लपलेली नव्हती. ऑक्टोबर २०१२ ही तारीख २००७ पासून सगळ्यांना माहीत होती.